जॅकेट कुणाला दिसण्यासाठी?

सफाई कामगारांच्या जॅकेटवर लिहायचे म्हटले की आपल्या चळवळीतलेच काही जण नाक मुरडतात. हातातला खराटा हाच मूळ प्रश्न असताना अंगावरच्या जॅकेटचे काय घेऊन बसलात, असा त्यांचा सवाल असतो. चांगले जॅकेट मागणे म्हणजे जातीने लादलेले काम जरा सुसह्य करून मागणे, असेही ऐकवले जाते.

आम्ही हा आक्षेप उडवून लावत नाही. जात ही श्रमाची नव्हे, श्रम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवले आहे आणि त्या मांडणीपासून एक इंचही मागे सरकायची आमची तयारी नाही. पण जातिअंताची तारीख अजून ठरलेली नाही, उद्याच्या पाळीची वेळ मात्र ठरलेली आहे. पहाटे अंधारात द्रुतगती मार्गाच्या दुभाजकाला लागून जी बाई माती ओढत असते, तिच्या पाठीमागून ताशी साठच्या वेगाने डंपर येत असतो. त्या डंपरवाल्याला ती दिसली पाहिजे. हा प्रश्न क्रांतीनंतर सोडवायचा नाही, उद्या पहाटे सोडवायचा आहे.

आणि बाबासाहेबांचे नाव घेऊन जॅकेटच्या मागणीला कमी लेखणाऱ्यांनी बाबासाहेबांचे मजूरमंत्रिपद विसरू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसून त्यांनी कामाचे तास, खाणीतल्या स्त्रियांची प्रसूतिरजा, कामगारांचे आरोग्य असल्या 'बारीकसारीक' गोष्टींवर कायदे घडवले. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. त्याआधी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी बोट दाखवून सांगितले होते. दोन्ही कामे एकाच माणसाने केली. आपल्याला एक करताना दुसरे विसरायची मुभा कुणी दिली?

आता मुद्द्याकडे येऊ.

या जॅकेटात कोण असते ते आधी बघा. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेखाली मोजदाद सुरू केली. २०२४ च्या सप्टेंबरात जे आकडे बाहेर आले, त्यात नोंद झालेल्या सुमारे ३८,००० कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. एकट्या अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ६९ टक्के. ही सरकारी मोजणी आहे, आमची घोषणा नव्हे. त्यामुळे कोणते जॅकेट, किती जाड पट्टी, कुठला रंग हे ठरवणारे टेबल आणि ते घालणारे अंग यांच्यामध्ये फक्त पगाराचे अंतर नाही, जातीचे अंतर आहे. खरेदी खात्यातल्या साहेबाने आयुष्यात कधी चालत्या रस्त्यावर पाठ करून काम केलेले नसते. ज्याला ते रोज करावे लागते त्याला नमुना दाखवायचीही पद्धत नाही.

नागपूरसह राज्यातल्या काही महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे उभा आहे, किती वेळ थांबला, चहाला गेला का, हे कार्यालयात बसून कळावे म्हणून. त्यासाठी पैसा निघाला, कंत्राटे निघाली, डॅशबोर्ड बनले. मग त्याच कामगाराने जॅकेट मागितले की बजेट का आटते? कारण सरळ आहे. घड्याळामुळे कामगार साहेबाला दिसतो, जॅकेटमुळे तो ट्रकवाल्याला दिसतो. पहिल्या दिसण्यात हजेरी कापता येते. दुसऱ्या दिसण्यात फक्त एक जीव वाचतो.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी जगासमोर ठेवले. तीही ओळख पटवण्याचीच व्यवस्था होती. दुरून कळावे, आपण बाटू नये, ही सोय दुसऱ्याची आणि ओझे आपल्या अंगावर. म्हणून आमच्या माणसाच्या अंगावर कुठलीही खूण चढवली जाते तेव्हा ती कुणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आम्ही विचारणारच. जॅकेटवर मोठ्या अक्षरात 'सफाई कामगार' किंवा त्याहून गोड भाषेत 'स्वच्छतादूत' छापायचे, आणि त्याच रस्त्यावर उभ्या अभियंत्याने, ठेकेदाराच्या सुपरवायझरने, पाहणीला आलेल्या नगरसेवकाने मात्र पांढऱ्या शर्टात फिरायचे, याला सुरक्षा म्हणत नाहीत. वाहन कुणाचे पद बघून धडकत नाही. वाहत्या रस्त्यावर कामासाठी जो जो उभा राहील त्याच्या अंगावर तेच जॅकेट, तीच पट्टी, हा नियम करा. मग ती खूण धोक्याची होते. आज ती जातीची आहे.

बाजारात आणि चौकीवर सगळे याला 'रेडियमचं जॅकेट' म्हणतात. त्यात रेडियम नावालाही नसते. आम्हीही बोलताना तोच शब्द वापरतो, पण मागणीपत्रात तो लिहू नका. कारण निविदेत 'रेडियम जॅकेट, नग अमुक' एवढेच लिहिले की ठेकेदाराला रान मोकळे. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम, आणि सगळ्यात कमी दरात मिळते ते एक पातळ जाळीचे फडके, ज्यावर करड्या रंगाची चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी शिवलेली असते. दिवसा टेबलावर ठेवली की छान चमकते. रात्री गाडीच्या दिव्यात ती मेलेली असते.

यातली गोम समजून घेणे अवघड नाही. जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या दोन वेगळ्या वेळी काम करतात. पोपटी-पिवळे किंवा भगवट नारिंगी कापड हे फ्लुरोसंट असते. सूर्यप्रकाशातले न दिसणारे किरण शोषून ते दिसणारा प्रकाश बाहेर टाकते, म्हणून ढगाळ सकाळी, संधिप्रकाशातही ते डोळ्यात भरते. पण सूर्य मावळला की त्याचा खेळ संपला. रस्त्यावरच्या दिव्याखाली ते साधे कापड असते. रात्रीचे काम करते ती पट्टी. खऱ्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक बसवलेले असतात आणि दिव्याचा प्रकाश ते जिथून आला तिथेच परत पाठवतात. हेडलाइट आणि चालकाचे डोळे जवळजवळ असल्यामुळे पट्टी त्याला पेटल्यासारखी दिसते. बाजूला उभ्या माणसाला ती तितकी दिसत नाही, म्हणून चौकीवर डोळ्यांनी बघून तिची परीक्षा होत नाही.

परीक्षा अशी करायची. रात्री अंधाऱ्या गल्लीत एकाने जॅकेट घालून पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्याने तीस-चाळीस पावले लांब जाऊन मोबाइलची बॅटरी डोळ्याला लागून, कानशिलापाशी धरायची आणि बघायचे. खरी पट्टी पांढरी भडक पेटते. खोटी करडीच राहते. मग तेच जॅकेट पाण्यात बुचकळून पुन्हा बघायचे, कारण काही पट्ट्या कोरड्या असताना चमकतात आणि भिजल्या की विझतात. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, हे टेंडर काढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवे. एवढ्या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

दुसरी परीक्षा शिंप्याच्या टेपची. अशा कपड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५८०९ हे मानक आहे आणि जगभर आयएसओ २०४७१ चालते. या आंतरराष्ट्रीय मानकात तीन दर्जे आहेत. दुसऱ्या दर्जाला निदान ०.५० चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०, शिवाय बाह्या किंवा पूर्ण लांबीची पँट. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. हिशेब करा: पाच सेंटीमीटर रुंद पट्टीने ०.१३ चौरस मीटर भरायचे तर ती एकूण २.६ मीटर लांब हवी. अंगाभोवती दोन वेढे आणि दोन्ही खांद्यांवरून पुढून मागे गेल्याशिवाय तेवढी लांबी भरत नाही. चौकीवर वाटलेल्या जॅकेटची पट्टी मोजा. छातीवर एक, पाठीवर एक आडवी पट्टी मारून मोकळे झालेले जॅकेट असेल तर ते पहिल्या दर्जाचेही नसण्याची शक्यता आहे आणि द्रुतगती मार्गावर ते घालून माणूस उभा करणे हा गुन्हा मानला पाहिजे. वेगवान रहदारीत, रात्रपाळीत तिसरा दर्जा मागा. त्याखाली तडजोड नको.

ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. चालकाला दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गाडी तशीच पुढे येते, ब्रेक लागून थांबायचे अंतर वेगळे. डीम दिव्यात गडद साडीतली बाई जेवढ्या अंतरावर दिसते तेवढ्यात हे सगळे बसत नाही.

बाईचे नाव काढले म्हणून. ही जॅकेटे पुरुषाच्या अंगावर, शर्टावर बेतलेली असतात. झाडूकामात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातल्या कित्येक साडी नेसतात. पदर जॅकेटवरून घेतला की पाठीची पट्टी झाकली जाते. आतून खोचला तर वाकताना सुटतो. एकाच मापाचे ढगळ जॅकेट खराट्यात, ढकलगाडीच्या दांड्यात अडकते. कचरागाडीच्या मागे भरणी करणाऱ्यासाठी तर हे जीवघेणे आहे, कारण कॉम्पॅक्टरच्या तोंडात कापड गेले तर माणूस ओढला जातो. तिथे चेन नको, ओढताच सुटणारे व्हेल्क्रो हवे, खांद्यावर आणि बाजूलाही. वाकून काम करणाऱ्याची छाती जमिनीकडे असते, म्हणून मागची पट्टी खांद्यांपर्यंत वर आली पाहिजे. पावसाळ्यात वाटतात तो रेनकोट काळा किंवा गडद निळा असतो, आणि तो जॅकेटवरून घालायचा असतो! म्हणजे सगळ्यात कमी दिसते त्या महिन्यांत जॅकेट झाकून टाकायचे. रेनकोटलाच पट्टी लावलेला घ्या, एवढी साधी गोष्ट सुचायला किती पावसाळे लागतात? विदर्भात मे महिन्यात पॉलिस्टरचे भरीव जॅकेट दुपारी अंगावर ठेवून बघा आणि मग कामगार ते का काढून ठेवतो यावर शिस्तीचे भाषण द्या. जाळीचे चालते, फक्त फ्लुरोसंट कापड आणि पट्टी मापात भरली पाहिजे.

आणि धुवायचे कुणी? कचऱ्याचे पाणी लागलेले जॅकेट घरी येते, घरच्या बादलीत, पोरांच्या कपड्यांशेजारी भिजते. धुणे पुन्हा घरातल्या बाईच्याच वाट्याला. प्रत्येक धुण्याने कापडाचा रंग उडतो, पट्टीची चमक कमी होते. चांगल्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते चालेल हा आकडा छापलेला असतो. पंचवीस लिहिले असेल आणि एकच जॅकेट रोज धुतले तर महिन्याभरात त्याचे आयुष्य संपले. आपल्याकडे वर्षाला एक देतात, तेही वर्ष उलटून गेल्यावर. आमची मागणी निदान तीन जॅकेटांची, चौकीवर धुण्याच्या सोयीची आणि लेबलवरच्या आकड्याप्रमाणे बदलून देण्याची आहे. लेबल नसलेले जॅकेट स्वीकारूच नका.

आता घरातले एक भांडण. काही वस्त्यांमधल्या तरुण कार्यकर्त्यांचा आग्रह असतो की जॅकेट निळे हवे. भावना आम्हाला कळते. नारिंगी जॅकेट आले की ते कुणाचा रंग म्हणून आले याचा संशय आम्हालाही येतो, आणि सत्ता बदलली की कठडे, डबे, बाकडी यांचे रंग बदलतात हे काय आपण बघितलेले नाही? पण गडद निळा पहाटेच्या अंधारात आणि डांबरावर विरून जातो. या मानकांत पार्श्वभूमीसाठी पिवळा, नारिंगी-तांबडा आणि तांबडा हेच फ्लुरोसंट रंग आहेत, निळा नाही. निळा आपल्या झेंड्याचा आहे, तो मोर्चात घेऊ. अंगावर पोपटी-पिवळा घेऊ, कारण उजेडात माणसाच्या डोळ्याला तोच सगळ्यात ठळक दिसतो. नारिंगीलाही जागा आहे. दाट झाडीच्या रस्त्यावर, शेतालगत पिवळ्या-हिरव्यात पोपटी मिसळतो, तिथे नारिंगी उठून दिसतो. उलट जिथे सगळे कोन आणि कठडे नारिंगी आहेत तिथे नारिंगीतला माणूस आणखी एक कोन वाटतो. म्हणून रंग कोणता, हे त्या त्या रस्त्यावर उभे राहून, तिथल्या कामगारांनी बघून ठरवायचे. पक्षाने नाही. आपल्याही नाही.

जॅकेटच्या पाठीवर नेत्याचा फोटो, अभियानाचे बोधचिन्ह, देणगीदार कंपनीचे नाव छापतात, तेव्हा तेवढे फ्लुरोसंट कापड मेले असे समजा. मानकात बसणारे क्षेत्रफळ त्या छपाईने खाल्ले. कामगाराची पाठ ही जाहिरातीची भिंत नाही.

कायदा काय म्हणतो हे ठाऊक असू द्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा हाताळणाऱ्या सर्व कामगारांना गणवेश, फ्लुरोसंट जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळतील हे बघायची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली गेली. ठेकेदार मध्ये आहे म्हणून महापालिकेची जबाबदारी जात नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांतही संरक्षक साधनांच्या लांबलचक यादीत परावर्तक जॅकेट आहे. पण तिथे सावध राहा. मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा आणि अंगावर चकाकणारे जॅकेट आहे म्हणून फोटो काढायचा, ही थट्टा आहे. आतल्या वायूला पट्टी दिसत नाही. माणूस आत उतरणारच नाही, हीच मागणी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारमृत्यूची भरपाई १० लाख ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली, तरी मरणे थांबलेले नाही.

रस्त्यावर वाहनाखाली मेलेला सफाई कामगार तर या हिशेबातही येत नाही. त्याची नोंद 'रस्ता अपघात' अशी होते. गाडी पळून गेली असेल तर २०२२ च्या योजनेप्रमाणे कुटुंबाला दोन लाख मिळतात आणि फाइल बंद. तो कामावर होता, त्याला तिथे कुणीतरी उभे केले होते, मागे कोन लावले नव्हते, हे कुणी लिहीत नाही. वर ठेकेदाराचा माणूस हळूच पिल्लू सोडतो: जॅकेट घातले नव्हते. हे लक्षात ठेवा, साथींनो. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे की मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर सुरक्षासाधन वापरले नाही म्हणून मालकाला भरपाई नाकारता येत नाही. ही सबब फक्त इतर दुखापतींत चालू शकते. गावोगावच्या कार्यकर्त्याने हे पाठ करून ठेवावे, कारण दवाखान्याच्या दारात कागदावर अंगठा घ्यायला माणसे लगेच येतात. आणि साहित्यवाटपाच्या रजिस्टरवर जे हातात पडले त्याचीच सही करायची. 'जॅकेट नंतर येतंय मावशी, आता सही करून टाका,' असे मुकादम म्हणाला तर सही नंतरच.

जॅकेट गाडी थांबवत नाही, हे आम्ही शेवटी सांगतो आहोत, पण क्रमाने ते पहिले आहे. चालू रस्त्यावर काम काढायचे तर आधी सूचनाफलक, मग कोन, मागे लुकलुकत्या दिव्याची गाडी, आणि शक्य तिथे कामाची वेळच उजेडातली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्ये कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी एसपी ५५ ही मार्गदर्शिका काढली आहे. पुलाचे काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या साइटवर तिची थोडीफार अंमलबजावणी दिसते. झाडूवाल्या बाईसाठी कुणी ती उघडूनही बघत नाही, कारण तिचे काम 'रस्त्याचे काम' समजलेच जात नाही. जॅकेट दिले म्हणजे कोन द्यायची गरज नाही, असा सौदा कुणी करू लागले तर तो हाणून पाडायचा.

आपापल्या शहरात लगेच करता येण्यासारखे एक काम आहे. माहिती अधिकारात कागद मागता येतात तसे साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, हे फार थोड्यांना माहीत असते. गेल्या तीन वर्षांच्या जॅकेट खरेदीची निविदा, तिच्यातले वर्णन, चाचणी अहवाल, वाटपाचे रजिस्टर आणि एक नमुना मागा. मुदत ३० दिवसांची आहे. नमुना आला की चौकीवर न्या, रात्री, वर सांगितलेली बॅटरीची परीक्षा सगळ्या पाळीसमोर करा आणि टेप लावून पट्टी मोजा. जे दिसेल ते लिहून, त्याखाली कामगारांच्या सह्या घेऊन आयुक्तांना द्या. सोबत मागणी एकच जोडा: पुढची खरेदी करण्याआधी तीन प्रकारची जॅकेटे पंधरा दिवस कामगारांना वापरायला द्यावीत, त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि त्यांनी नापसंत केलेले जॅकेट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.